गोळीची स्ट्रिपही वाचा


फरसाणाच्या पाकिटावर कांदा-लसूण आहे का, ते आपण बारीक अक्षरांत शोधतो. मग सर्दीच्या गोळीची स्ट्रिप न वाचता का फोडतो? अशा अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. डॉक्टरांनी तापावर दिलेल्या गोळीतही बहुधा तेच. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर गेलं, तर यकृताला धोका. नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं फिनाइलेफ्रिन रक्तदाब वाढवू शकतं. बीपीची गोळी चालू असलेल्या सासूबाईंना ते परस्पर देऊ नये. क्लोरफेनिरामिन झोपेच्या गोळीसोबत घेतलं, तर गुंगी वाढते.

माझं मत सांगते: मेडिकलमध्ये जाताना घरातल्या चालू औषधांची यादी न्यावी आणि विचारूनच गोळी घ्यावी. जीवदया मुंगीपुरती नाही, घरातली माणसंही त्यात आलीच.