कुलूप उद्या तुटेल, चोरी आजच होतेय



गेल्या गणपतीत पंगतीला बसलो असताना मी क्वांटम कॉम्प्युटरचा विषय काढला. आमचे एक आयटीवाले मित्र वाटली डाळ वाढून घेत म्हणाले, "अहो, त्याला अजून पंधरा वर्षं आहेत. तोवर आपण रिटायर!" सगळे हसले. मला ते हसणं पटलं नाही. स्मरणिकेने अर्धं पान दिलंच आहे, तर भांडून घेतो.

बँकेचा व्यवहार असो की डॉक्टरांचा रिपोर्ट, इंटरनेटवरून जाताना त्याला बहुधा आरएसए किंवा तशाच जातीचं कुलूप लागतं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं महाकठीण, एवढ्याच भरवशावर आरएसए उभं आहे. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर ही कुलपं उघडू शकेल, हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं. तसा कॉम्प्युटर आज नाही, कबूल. पण चोराला घाई कुठे आहे? तो कुलूपबंद पेटीच उचलून नेतो आणि किल्ली मिळेपर्यंत माळ्यावर ठेवतो.

आम्ही राहतो ब्युमॉन्टला, हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर. 14 मे 2021 ला एचएसईवर सायबर हल्ला झाला आणि देशभरची रुग्णालयं कागद-पेनावर आली, ते आपल्याला आठवत असेलच. त्यात क्वांटमचा काही संबंध नव्हता. कुणीतरी ईमेलमधली फाइल उघडली होती. चोरांनी आठवड्याभरात किल्ली फुकट दिली. पण नेलेली माहिती थोडीच परत आली? पुढे सुमारे 90 हजार लोकांना तशी पत्रं पाठवावी लागली. क्रेडिट कार्ड बदलता येतं हो, पोरीचा जनुकीय रिपोर्ट कसा बदलणार? आज पाच वर्षांची असलेली मुलगी पंधरा वर्षांनी वीसची असेल. रिटायर आपण होऊ, ती नाही.

बरं, उपाय नाही असंही नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये नव्या कुलपांची तीन मानकं जाहीर केली. युरोपियन युनियनने 2025 मध्ये सदस्य देशांना सांगितलं, की 2026 अखेरपर्यंत कामाला लागा, महत्त्वाच्या यंत्रणा 2030 अखेरपर्यंत बदला. डब्लिनमध्ये ही कामं करणारी आपलीच कितीतरी माणसं आहेत. सोमवारी ऑफिसात एवढंच विचारा: आपल्याकडची कुठली माहिती वीस वर्षं गुप्त राहायला हवी, आणि तिचं कुलूप कधी बदलणार? "बजेट नाही" म्हणाले तर पुढच्या सोमवारी पुन्हा विचारा.

आणि कमिटीला एक विनंती. सभासदांच्या मुलांच्या जन्मतारखांची एक्सेल शीट ईमेलवरून फिरते आहे. मी कमिटीत नसूनही मागच्या वर्षी ती मला आली. तिला तर साधं कुलूपही नव्हतं. ती आधी पुसून टाका.