विमानाला करार, मोटरला रात्रपाळी

बिद्री, बोरवडे, वाळवे खुर्द, उंदरवाडी, फराकटेवाडी आणि दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरचे तमाम ऊस उत्पादक, पाणीपुरवठा संस्थांचे सभासद आणि वीजग्राहक बंधू-भगिनींनो,

हे पत्रक विमानाच्या विरोधात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिला परिच्छेद वाचून व्हायच्या आत 'ह्यांना विकास नको' म्हणणारे चौकात तयार बसलेले असतात. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ 1939 साली छत्रपती राजाराम महाराजांनी उभा केला. आज त्यावर त्यांचेच नाव आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. मधली कित्येक वर्षे तो ओस पडला होता. 2018 मध्ये केंद्राच्या उडान योजनेतून तिथे पुन्हा विमाने उतरू लागली. आधी मुंबई, मग हैदराबाद, बेंगळुरू आणि बालाजीच्या भक्तांसाठी तिरुपती. 10 मार्च 2024 रोजी कमानींच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीच्या उद्योजकांची सोय झाली. आमची पोरे बेंगळुरूला नोकरीला आहेत, दिवाळीला तीही त्याच विमानाने येतात. चांगले झाले.

आमचे म्हणणे निराळे आहे. एखादी गोष्ट चाललीच पाहिजे असे सरकारने मनावर घेतले, तर सरकार काय काय करू शकते ते उडान योजनेत दिसते. तेवढे ते आमच्या शेतातल्या मोटरीसाठी का करत नाही?

नीट बघा. ऑगस्ट 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने केंद्राशी करार केला. त्यात कोल्हापूर होते. तासाभराच्या, म्हणजे साधारण 500 किलोमीटरच्या प्रवासाला 2,500 रुपयांच्या आसपास भाडे आणि विमानातल्या निम्म्या जागा त्या दरात. त्या दरात कंपनीला परवडत नाही ना? मग तूट सरकार भरून देणार, 80 टक्के केंद्र, 20 टक्के राज्य. तीन वर्षे त्या मार्गावर योजनेत दुसऱ्या कंपनीला प्रवेश नाही. केंद्राच्या वाट्याचा पैसा उभा करायला मोठ्या शहरांमधल्या फेऱ्यांवर आकार बसवला, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाच्या खिशातून छोट्या गावचे विमान उडते. शिवाय राज्याने जमीन फुकट द्यायची, पोलीस आणि अग्निशमन फुकट द्यायचे, विमानाच्या इंधनावरचा व्हॅट दहा वर्षे एक टक्क्यावर ठेवायचा आणि (हे दोनदा वाचा) विमानतळाला वीज आणि पाणी भरीव सवलतीच्या दराने पुरवायचे. हे सगळे कागदावर, सह्या-शिक्क्यानिशी.

आता त्याच राज्यात ट्रॅक्टरच्या डिझेलवर 21 टक्के व्हॅट आहे. गारगोटीच्या एसटीत उभ्याने जाणाऱ्या म्हातारीच्या तिकिटात वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर बसलेला आहे. एक टक्का आकाशात, साडेसतरा टक्के मुदाळ तिट्ट्यावर! विमानाला एक टक्का परवडतो, तर एसटीला का नाही, याचे उत्तर विधानसभेत कोणीतरी मागावे. पण तो वेगळा विषय. आपण मोटरीकडे येऊ.

आपल्याला थ्री फेज लाइट आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत काय होते ते आपल्याला माहीत आहे, पण हे पत्रक मुंबईतही वाचले जावे म्हणून लिहितो. थंडीत मध्यरात्री स्टार्टर ओढायचा, बॅटरी तोंडात धरून फडात शिरायचे, डोक्यावर गेलेल्या उसात सरीसरीने दारे मोडायची. पायाखाली साप आहे की पाचट, ते पाय ठेवल्यावर कळते. राधानगरीच्या जंगलातून गवे उतरतात, बिबट्याच्या बातम्या येतात. एवढे करून पाणी शेवटच्या सरीला पोचायच्या आत लाइट जाते.

यातून माणसाने काय वाट काढली? मोटरीला ऑटोस्विच बसवला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरात झोपलेला. महावितरण आम्हाला सांगते, ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. बरोबरच आहे. लाइट येताक्षणी एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उचलतात, डीपीवर भलताच भार येतो, फ्यूज उडतात, डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत ऊस वाळतो. नियामक आयोगाचे मानक सांगते की ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर 48 तासांत बदलावा. पण मुळात ऑटोस्विच आला कुठून? रात्रीच्या लाइटीतून. दिवसा लाइट असेल तर ऑटोस्विच लावायला कोणाला हौस आहे? शेतकरी बांधावर उभा राहील, हाताने मोटर चालू करील, सरी भिजली की बंद करील. पाणी वाचेल, वीज वाचेल, डीपी वाचेल. रात्रीचा पुरवठा हा आमच्या जिवाशी खेळ आहेच, पण तो महावितरणच्या स्वतःच्या तिजोरीलाही खड्डा आहे, आणि हे त्यांच्या कुठल्याही वायरमनला विचारा, तो खासगीत कबूल करील.

यावर पहिले उत्तर ठरलेले: 'वीज फुकट दिली ना? आणखी काय पाहिजे?' एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते, हे खरे आहे. त्यावर वर्षाला साडेचौदा हजार कोटींच्या वर खर्च होतो, हेही खरे. तेव्हा शेतीला पैसा दिला नाही, विमानाला सगळा दिला, अशी खोटी ओरड आम्ही करणार नाही. पैशाचा हिशेब लावला तर शेतीची रक्कम मोठीच निघेल. पण मागणी फुकटची कधी होती? फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या मारला तो कशासाठी? दिवसा दहा तास विजेसाठी. मागितली वेळ, दिली माफी. बिल शून्य झाले, घड्याळ तिथेच राहिले. आणि जो ग्राहक पैसे देत नाही त्याने तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा दबका सूर कचेरीत ऐकू येऊ लागला आहे तो वेगळाच.

त्यात आपल्या नदीकाठची गोष्ट आणखी वेगळी. इथे बहुतेक ऊस वैयक्तिक विहिरीवर नाही, पाणीपुरवठा संस्थांवर भिजतो. नदीला जॅकवेल, मोठे पंप, वर चढवलेले पाणी आणि पाळीने मिळणारी वाटणी. हे पंप साडेसात अश्वशक्तीच्या रेषेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी सवलतीचा दर आहे, पण तो मुदतवाढीवर जगतो. मुदत संपत आली की संचालकांनी मुंबईच्या वाऱ्या करायच्या. विमानाच्या इंधनाला दहा वर्षांचा शब्द एकदाच, आणि संस्थेच्या पंपाला दर खेपेला नव्याने हात जोडायचे.

दुसरे उत्तर: 'दिवसा वीज शिल्लक नसते.' हे एके काळी खरे होते. दिवसा कारखान्यांची, शहरांची मागणी मोठी, रात्री ती पडते. कोळशाचे संच रात्रीपुरते बंद करता येत नाहीत, म्हणून उरलेली वीज शेतीच्या गळ्यात मारायची, हा जुना हिशेब होता. आता सौर विजेमुळे तो हिशेबच उलटा झाला आहे. दिवसाची वीज मुबलक आणि स्वस्त झाली, म्हणून तर उद्योगांना आणि घरगुती ग्राहकांनाही दिवसा वापरा, सवलत घ्या असे सांगितले जाते. मग शेतकऱ्यानेच तेवढे रात्री का जागायचे?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. 2025 पर्यंत 30 टक्के कृषी वाहिन्या सौर करू, असे तेव्हा सांगितले. या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आहे. योजना चांगली आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. आपल्याकडे पावसाळ्यात ऊन नसते ही खरी अडचण, पण पावसाळ्यात पाणी कोण पाजतो? उसाला तहान लागते ती मार्च ते मे, आणि तेव्हा ऊन किती असते ते सांगायला नको. प्रश्न एवढाच आहे: आपल्या वाहिनीचा नंबर कधी? त्याची तारीख आम्हाला कोणी लेखी दिलेली नाही.

आता आपल्या कारखान्याकडे बघा. दूधगंगा-वेदगंगा हा चार तालुक्यांतल्या सभासदांच्या शेअरवर उभा राहिलेला कारखाना. आपल्या उसाच्या बगॅसवर तिथे वीज तयार होते आणि हंगामात रात्रंदिवस बाहेर जाते. म्हणजे रात्री फडात उभा असलेला सभासद समोर कारखान्याचे दिवे बघतो, आणि त्याच्याच उसाने तयार केलेली वीज त्याच्या डोक्यावरून जाते. या विजेला दर काय? सुरुवातीचे सहवीज करार 13 वर्षांचे होते. त्यानंतर राज्याने निविदेची वाट धरली आणि दर खाली आले. 2024 मध्ये मंत्रिमंडळाने युनिटमागे दीड रुपया अनुदान जाहीर केले, एका वर्षापुरते. सहकारी कारखान्याने कर्ज काढून बॉयलर आणि टर्बाइन बसवायचे, ते कर्ज फेडायला कित्येक वर्षे, आणि दराचा शब्द एका वर्षाचा! उलट सोलापूर-मुंबई विमानासाठी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एका आसनामागे 3,240 रुपये तूट भरून द्यायचे ठरवले, तेही शंभर टक्के राज्याच्या खिशातून.

सोलापूरचे नाव निघालेच आहे तर चिमणीची गोष्ट विसरून चालणार नाही. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी होटगी रोडच्या विमानतळाला आडवी येते, असा वाद वर्षानुवर्षे चालला. 15 जून 2023 रोजी पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात ती पाडली. चिमणी नियमात होती की नव्हती, यात आम्ही जात नाही. न्यायालयात जे झाले ते झाले. पण चिमणी पाडायला जी घाई होती ती विमान उडवायला नव्हती. विमानतळाचे उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झाले आणि पहिले नियमित विमान गोव्याला उडाले ते जून 2025 मध्ये. दोन वर्षे सोलापुरात चिमणीही नव्हती आणि विमानही नव्हते.

म्हणून विमानाच्या करारांनाही आम्ही डोळे झाकून हात जोडत नाही. 'कॅग'चा 2023 चा अहवाल आहे. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत 774 मार्ग दिले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले त्यांतल्या 112 मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मार्च 2023 पर्यंत टिकून राहिले 54. शंभरातले सात. बंद पडलेल्या मार्गांवर जो पैसा गेला त्याचे उत्तर कोणी दिले? उलट 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी 120 ठिकाणे जोडायची घोषणा झाली. कोल्हापूर टिकले, कारण इथे प्रवासी आहे, धंदा आहे, अंबाबाई आहे.

आमच्या मागण्या अवघड नाहीत. बिद्री परिसरातल्या प्रत्येक कृषी वाहिनीला दिवसा थ्री फेज कोणत्या तारखेपासून आणि किती तास, ते महावितरणने लेखी द्यावे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. ती वेळ चुकली तर भरपाई द्यावी. विद्युत कायदा 2003 च्या कलम 57 मध्ये भरपाईचे तत्त्व आहेच, ते कृषी वाहिनीच्या तासांनाही लावावे. पाणीपुरवठा संस्थांचा सवलतीचा दर विमानाच्या इंधनासारखा एकदम दहा वर्षांसाठी बांधावा. सहकारी कारखान्यांच्या सहवीज दराचा करार कर्ज फिटेपर्यंतच्या मुदतीचा करावा, आणि हंगामात ती वीज जवळच्या कृषी वाहिन्यांवर दिवसा देता येते का, ते तपासून उत्तर द्यावे. तांत्रिक अडचण असेल तर तीही लेखी सांगावी, आम्ही समजून घेऊ. आणि कोल्हापूरच्या प्रत्येक विमान मार्गाला आजवर किती तूट भरून दिली, तो आकडा जाहीर करावा.

तोवर एक काम आपले. प्रत्येकाने या महिन्यात लाइट किती वाजता आली, किती वाजता गेली, मध्ये किती वेळा ट्रिप झाली, डीपी कधी जळाली आणि कधी आली, हे तारीखवार वहीत लिहावे. बिल शून्य असले तरी ते टाकून देऊ नये, ग्राहक क्रमांक त्यावरच असतो. वह्या आणि बिलांच्या झेरॉक्स आपापल्या पाणीपुरवठा संस्थेत जमा कराव्यात. पुढच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्यायचा, ठराव करायचा, आणि वह्यांसकट तो महावितरणच्या कार्यालयात देऊन पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय कोणी परत यायचे नाही.

— बिद्री परिसरातले ऊस उत्पादक आणि वीजग्राहक