फुकट आणि मुक्त



‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो; परंतु संगणकाच्या बाबतीत ही थट्टा पुष्कळांना महाग पडली आहे. घरात संगणक येतो. मुलाला चित्रपट पाहावयाचा असतो, मुलीला अर्ज लिहावयाचा असतो. इंटरनेटवर ‘फ्री डाउनलोड’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले बटण दिसते, ते दाबले जाते, आणि हव्या असलेल्या एका वस्तूबरोबर नको असलेल्या चार वस्तू आत शिरतात. मग पडद्यावर जाहिराती येऊ लागतात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार, जमिनीचे उतारे आणि घरच्या लग्नकार्यांची छायाचित्रे आहेत, त्यावर परक्याचा हात फिरू लागतो.

मग विनामूल्य ते सारेच त्याज्य समजावे काय? मुळीच नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. सुदैवाने मराठीत त्यांस दोन शब्द आहेत. फुकट म्हणजे ज्याला दाम पडत नाही ते. मुक्त म्हणजे ज्याची घडण कोणालाही पाहता, तपासता, सुधारता आणि इतरांस वाटता येते ते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो याच दुसऱ्या अर्थाने. जे उघड्यावर घडते त्यात लबाडी दडवून ठेवणे अवघड जाते. यास्तव पुढील तीनही सॉफ्टवेअर आम्ही मुक्त वर्गातील निवडली आहेत.

पहिले लिब्रऑफिस. २०१० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशनने ते हाती घेतले. पत्रे, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरण ही तिन्ही कामे त्यात होतात, आणि त्याच्या सूचना मराठीतही वाचता येतात. वर्डमध्ये केलेले कागद त्यात उघडतात. मात्र गुंतागुंतीची मांडणी असल्यास ती थोडी विस्कटते. महत्त्वाचा कागद दुसऱ्याकडे धाडताना तो पीडीएफ करूनच धाडावा.

दुसरे व्हीएलसी. पॅरिसच्या एकोल सांत्राल या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या प्रकल्पातून ते जन्मास आले, व २००१ पासून ते मुक्त आहे. चित्रफीत कोणत्याही प्रकारची असो, बहुधा ती यात चालतेच. त्यात जाहिराती नाहीत. जाहिराती घालण्यासाठी देऊ केलेल्या मोठाल्या रकमा आपण नाकारल्या, असे त्याचे प्रमुख जाँ-बाप्तीस्त केंफ यांनी सांगितले आहे.

तिसरे सेव्हन-झिप. ईगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केले. अनेक फायली एका गाठोड्यात बांधणे व आलेली गाठोडी सोडवणे एवढेच त्याचे काम. ते चोख होते. उणीव एकच: ते आपोआप अद्ययावत होत नाही. अधूनमधून नवी आवृत्ती आपणच घ्यावी लागते.

परंतु वस्तू चांगली असून भागत नाही. ती कोणाच्या हातून घेतली हेही पाहिले पाहिजे. जिम्प हे चित्रांचे सॉफ्टवेअर असेच मुक्त व निर्मळ. असे असता २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या प्रसिद्ध संकेतस्थळाने विंडोजसाठीच्या जिम्पभोवती इतर वस्तूंच्या जाहिराती गुंडाळून ते वाटले. त्यावर मोठा गहजब झाला, आणि २०१६ मध्ये नव्या मालकांनी ती पद्धत बंद केली. दूध शुद्ध होते. भांडे बदलले होते.

म्हणून काही नेम पाळावेत. सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. व्हीएलसीचे स्थळ व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हे आहे. शोध घेतल्यावर सर्वांत वर दिसते ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, हे विसरू नये. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट’ घाईने दाबू नये. प्रत्येक पान वाचावे, आणि आणखी काही देऊ करणाऱ्या चौकोनातील खूण काढावी.

विकतचे सॉफ्टवेअर कुलूप फोडून फुकट देणाऱ्या ‘क्रॅक’ला तर शिवूच नये. ती चोरी आहे हे एक. शिवाय फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस याच वाटेने पुष्कळ घरांत शिरले आहेत. लिब्रऑफिस उपलब्ध असता त्या वाटेला जाण्याची गरजही नाही.

इतके करूनही धोका शून्य होत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या सॉफ्टवेअरच्या कर्त्याकडूनच निघालेल्या अधिकृत आवृत्तीत दुष्टांनी विष कालवले होते, आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. म्हणून छायाचित्रांची व कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी.

आज सायंकाळी मुलांना जवळ बसवून घरच्या संगणकावर काय काय आहे ते एकदा पाहा. जे कोणी, कोठून व कशासाठी घातले हे कोणालाच सांगता येत नाही, त्याची जाणकाराकडून चौकशी करा, आणि नको असेल ते काढून टाका.