रुमाल म्हणजे संरक्षण नव्हे

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला निश्चित कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकले. तरीही देशात अनेक ठिकाणी हे काम शिकणारी मुले तोंडाला रुमाल बांधूनच बसतात. या धुराचे बहुतेक कण एका मायक्रोमीटरहून लहान. कापडाच्या विणीतून ते सहज फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. पोलादाच्या धुरात मँगेनीज असते, स्टेनलेस स्टीलच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम. काळी काच डोळे वाचवते, श्वास नाही. अशा वेळी ‘मुलांनी काळजी घ्यावी’ हा उपदेश म्हणजे निव्वळ जबाबदारी झटकणे होय. धूर उगमापाशीच ओढून घेणारी यंत्रणा ज्या कार्यशाळेत नाही, तिला वेल्डिंग शिकवण्याची मान्यताच नसावी. प्रमाणपत्राची किंमत विद्यार्थ्याने फुप्फुसांनी का मोजावी?