लॅपटॉप तापतो म्हणून टाकायचा?

कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरलेले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हा आकडा पाठ करतो, घसाऱ्याचे उदाहरण सोडवतो आणि गुण मिळवतो. पन्नास हजारांचा लॅपटॉप घेतला आणि घटत्या शिलकीवर ४० टक्के घसारा धरला, तर पहिल्या वर्षाअखेर ३०,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १८,००० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १०,८०० रुपये शिल्लक दिसते. हिशेब बिनचूक आहे. परंतु वहीत किंमत उतरली म्हणजे यंत्र निकामी झाले, असे कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही. तो अर्थ आपण लावतो. विक्रेते तर आनंदाने लावतात. माझे म्हणणे असे की, सामान्य घरातील विद्यार्थ्याने तापणारा, मंदावलेला लॅपटॉप टाकून हप्त्यांवर नवा घेण्यापूर्वी जुना एकदा उघडून पाहिलाच पाहिजे.

माझा लॅपटॉप मावसभावाने वापरून मला दिलेला, २०१७ सालचा. मावशी देवासला असते. पवारांच्या देवास आणि धार या संस्थानांमुळे माळव्यात जी मराठी घरे रुजली, त्यांपैकी ते एक. २०२५ च्या मे महिन्यात मी तिथे गेलो, तेव्हा दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जाई आणि लॅपटॉपवर साधा ताळेबंद उघडायलाही मिनिटे लागत. त्याआधी बेळगावच्या एका दुकानात मी कन्नडमधून विचारले होते, देवासच्या दुकानात हिंदीतून विचारले आणि घरी मराठीतून चर्चा झाली. भाषा तीन, सल्ला मात्र एकच : “आता नवा घ्या.” उघडून कोणीच पाहिले नाही.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना देवासला गेले, ते तिथल्या कोरड्या हवेसाठी. माणसाच्या फुप्फुसांना मानवणारी ही हवा उन्हाळ्यात यंत्राला मात्र जड जाते, कारण तिच्यात उष्णता असते आणि धूळही. लॅपटॉपमधील प्रोसेसर जी वीज खातो तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी तांब्याची एक चपटी नळी असते. तिच्यात थोडासा द्रव असतो. तो गरम टोकाला वाफ होतो, दुसऱ्या टोकाच्या पातळ पत्र्यांपाशी पुन्हा द्रव होतो आणि पंखा त्या पत्र्यांमधून खोलीतली हवा ढकलतो. ही योजना प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. म्हणून बेळगावच्या थंडाव्यात निभावून जाणारे यंत्र देवासच्या दुपारी गुदमरते. त्यातच पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धुळीची नमद्यासारखी पट्टी बसते. प्रोसेसर आणि नळी यांच्यामधला उष्णतावाहक लेप काही वर्षांत सुकतो. तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

या मंदपणालाच आपण म्हातारपण समजतो! वास्तविक तो पुष्कळदा केवळ ताप असतो.

मंदपणाचे दुसरे कारण आमच्या शाखेच्या भाषेत सांगता येईल. रॅम म्हणजे हिशेबनिसाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान असले की बिचाऱ्याला दर दोन मिनिटांनी उठून कपाटातून वही आणावी लागते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तर फिरत्या तबकडीवर माहिती शोधत बसावे लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. म्हणून रॅम वाढवली आणि एसएसडी बसवली, तर तोच हिशेबनीस चपळ होतो.

आम्ही दोघा भावांनी एका रात्री काम काढले. माळव्यातल्या रात्री सुखद, म्हणून मुहूर्त रात्रीचा. लॅपटॉप बंद करून चार्जर काढला, मागचे झाकण उघडले आणि सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली. कोणता स्क्रू कुठला, हे कागदावर आकृती काढून त्यावरच ठेवले. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढली. पाती मोकळी ठेवून जोराने हवा मारली तर पंखा भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतो. जुना लेप पुसून नवा लावला. खर्च असा : आठ जीबी रॅम १,६००, एसएसडी १,८००, लेप ३००, एकूण ३,७०० रुपये. पूर्वी नव्वदीपार जाणारे तापमान त्याच कामाला सत्तरीत राहू लागले. नव्या लॅपटॉपचा दोन महिन्यांचा हप्तासुद्धा यापेक्षा अधिक झाला असता.

बिनखर्चाचे उपायही आहेत. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, कारण खालची झडप बंद होते. कूलरने खोली थंड करावी, पण त्याचा ओलसर झोत यंत्रावर घेऊ नये. जड कामे शक्यतो रात्री करावीत.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक जुने यंत्र वाचवणे शहाणपणाचे आहे काय? नाही. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पटलालाच डाखलेली असते, ती बदलता येत नाही. बॅटरी फुगली असेल तर तिला न टोचता, न दाबता जाणकाराकडेच द्यावे. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि माझ्यासारखी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मी लिनक्स वापरतो. तक्ते, टिपणे आणि इंटरनेट यांना ते पुरते. ज्याला विशिष्ट सॉफ्टवेअर लागतेच, त्याने मात्र आधी चौकशी करावी.

पण टाकलेली वस्तू जाते कुठे, हाही हिशेब मांडला पाहिजे. भावाची नोकरी धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत. तो सांगतो, कारखान्यात यंत्र बिघडण्याची वाट पाहत नाहीत, देखभालीच्या तारखा ठरलेल्या असतात. त्याच पीथमपुरात जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा लोकांचा विरोध असताना आणला गेला आणि जूनअखेर जाळून संपवला. १९८४ च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षे तो पडून होता. लॅपटॉपचा कचरा आणि तो कचरा एक नव्हे, हे मला कळते. परंतु ‘टाकून दिले’ म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दारात नेऊन ठेवले, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली. वापरणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक विनंती. प्रत्येक सत्रात एक दिवस मराठी आणि कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपापली जुनी यंत्रे घेऊन प्रयोगशाळेत जमावे आणि जाणकारांच्या देखरेखीखाली ती उघडावीत. महाविद्यालयातला कोणताही संगणक निर्लेखित करण्यापूर्वी तो शेवटचा कधी साफ केला, ही तारीख नोंदवहीत असावी. तारीख नसेल, तर निर्लेखनावर सही होऊ नये. घसारा कसा काढायचा हे आम्हांला उत्तम शिकवले जाते. आता घसारा लांबवायचा कसा, हेही शिकवावे.