सांडव्याखालची वस्ती

पुष्य नक्षत्राचा पाऊस घाटमाथ्यावर एकदा धो धो कोसळू लागला, की आकाशवाणीवरून, वर्तमानपत्रांतून आणि अलीकडे हातोहाती फिरणाऱ्या मोबाईल-संदेशांतून पुणेकरांच्या कानी एक ठरावीक सूचना पडते : खडकवासला धरणाच्या सांडव्यातून मुठा नदीच्या पात्रात अमुक हजार क्युसेक विसर्ग सोडण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. उंचावरील पेठेत वा टेकडीच्या उतारावर राहणाऱ्यास ही सूचना म्हणजे धरण भरल्याची सुवार्ता वाटते. तो सहकुटुंब पुलावर जाऊन भिडे पूल बुडाल्याचे कौतुकाने पाहतो आणि वर्षभराच्या पाण्याची ददात मिटली, या समाधानात घरी परततो. परंतु त्याच नदीच्या काठी, पात्राच्या पातळीपासून हातभर उंचीवर ज्याचे बिऱ्हाड आहे, त्याच्या दृष्टीने तीच सूचना घर सोडण्याचा हुकूम असते, आणि तो हुकूम त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचतो की नाही, याची फिकीर ज्या यंत्रणेने वाहावयाची, तिच्या दप्तरी मात्र सूचना प्रसृत झाल्याबरोबर प्रकरण निकालात निघालेले असते.

25 जुलै 2024 रोजी जे घडले, त्याची आठवण देण्याचे प्रयोजन एवढ्याचसाठी आहे. घाटमाथ्यावर आणि धरणांच्या पाणलोटात रात्रभर असामान्य पाऊस झाला, खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग वाढत वाढत 35 हजार क्युसेकच्या घरात गेला, आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील रहिवासी जागे झाले ते जिन्याच्या पहिल्या पायरीशी पाणी लागल्यावर. तळमजल्यावरील बिऱ्हाडांत धान्याच्या डब्यांत गाळ शिरला, वाहनतळातील दुचाक्या एकमेकींवर रचल्यासारख्या आडव्या झाल्या, आणि तळाशीच बसविलेल्या वीजमीटरांच्या पेट्या पाण्याखाली गेल्याने अख्ख्या इमारती अंधारात राहिल्या. त्याच दिवशी डेक्कन जिमखान्यानजीकच्या पुलाची वाडी येथे, वाढत्या पाण्यातून आपली अंडाभुर्जीची हातगाडी हलवू पाहणारे तीन तरुण विजेच्या धक्क्याने दगावले. आम्हांस कोणी काही सांगितलेच नाही, ही रहिवाशांची तक्रार सार्वत्रिक होती.

अशा प्रसंगी जो पहिला उद्गार निघतो तो धरणाविरुद्ध असतो : दरवाजे उघडले म्हणून पूर आला. हा उद्गार दुःखाच्या भरात क्षम्य असला तरी तो जसाच्या तसा स्वीकारणे बरोबर नाही, आणि पुण्याने तर तो कधीच स्वीकारू नये. कारण ज्या शहराने 12 जुलै 1961 हा दिवस पाहिला आहे, त्यास सांडव्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागू नये. पानशेतचे मातीचे धरण त्या वर्षी पुरते सिद्ध झालेले नसतानाच त्यात पाणी साठविण्यात आले. आलेल्या पाण्याला सुखरूप बाहेर काढण्याची व्यवस्था अपुरी होती, धरण खचू लागले, जवानांनी वाळूची पोती रचून शर्थ केली, पण अखेर पाण्याने मातीवर मात केली आणि खालच्या खडकवासल्यालाही आपल्याबरोबर नेले. सांडवा ही धरणाची सुरक्षिततेची वाट आहे. ती बंद ठेवण्याचा आग्रह धरणे म्हणजे एका वस्तीचे भिजणे टाळण्यासाठी सबंध शहराचा नाश ओढवून घेणे होय. दरवाजा उघडलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते केव्हा उघडावा, किती उघडावा आणि उघडण्यापूर्वी कोणाला सांगावे, या तीन प्रश्नांविषयी. आणि हे तीनही प्रश्न निसर्गाचे नसून कारभाराचे आहेत.

पहिल्या प्रश्नाचा विचार थोड्या अंकगणिताच्या आधारे करावा. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यांपैकी शहराच्या सर्वांत निकट असलेल्या आणि शेवटचा दरवाजा ज्याच्या हाती आहे अशा खडकवासल्याचा वाटा अवघा 1.97 टीएमसी आहे. सेकंदाला 35 हजार घनफूट, म्हणजेच 35 हजार क्युसेक, या वेगाने येवा सुरू झाला, तर हे धरण तळापासून रिकामे असले तरी सुमारे 16 तासांत काठोकाठ भरते. अर्थात् ते रिकामे ठेवल्याने महापूर थोपविता येईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. परंतु तेच धरण ऐन पावसाळ्यात, अतिवृष्टीचा अंदाज हाती असताना, निम्मे रिकामे ठेवले तर साधारण आठ तासांची सवड मिळते, आणि हे आठ तास म्हणजे एक रात्र. मध्यरात्री येऊ घातलेले पाणी सकाळी उजाडल्यावर येणे, एवढाच काय तो फरक. पण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला वरच्या मजल्यावर नेणे, मुलांना नातलगांकडे पोहोचविणे, गॅसची टाकी, दस्तऐवजांची पेटी आणि दुभते जनावर हलविणे, हे सारे त्या फरकातच सामावलेले असते.

यावर पाटबंधारे खात्याचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि ते सर्वथा निराधारही नाही. धरण भरण्यापूर्वी पाणी सोडले आणि पुढे पावसाने पाठ फिरविली, तर पुण्याच्या नळांपासून दौंड-इंदापूरच्या कालव्यापर्यंत सगळ्यांचा रोष अभियंत्याला सोसावा लागतो. सोडलेल्या पाण्याचा हिशेब मागणारे पुष्कळ असतात, न सोडलेल्या पाण्याचा मागणारे थोडे, आणि तेही पूर ओसरेपर्यंतच. त्यामुळे जलाशय परिचालन सूची कितीही शास्त्रोक्त असली तरी ती राबविणाऱ्या माणसाचा हात स्वाभाविकपणे साठ्याकडे झुकतो. हा दोष व्यक्तीचा नव्हे, त्या व्यक्तीवर असलेल्या एकतर्फी दडपणाचा आहे. परंतु निम्म्या खडकवासल्याचा साठा एकूण साठ्याच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरतो, आणि वरची दोन मोठी धरणे हाताशी असताना ती तूट पुढे भरून काढता येते. इतक्या अल्प जोखमीच्या बदल्यात हजारो कुटुंबांना एका रात्रीची सवड मिळत असेल, तर ती जोखीम शासनाने लेखी हुकुमाने स्वतःच्या शिरावर घ्यावी आणि कार्यकारी अभियंत्यास निर्भय करावे. अभियंत्याच्या धैर्यावर शहराची सुरक्षितता अवलंबून ठेवणे हा राज्यकारभार नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचा संबंध दरवाजापेक्षा त्याच्या खालच्या पात्राशी अधिक आहे. मुठेची निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची मर्यादा, सुमारे 60 हजार क्युसेक विसर्ग गृहीत धरून आखलेली आहे. लाल रेषा एक लाखाची आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मज्जाव असावा, असा नियम आहे. असे असता 35 हजारांतच वस्त्या बुडतात, याचा अर्थ काय घ्यावयाचा? एक तर नदीला हक्काने लागणाऱ्या जागेत घरे उभी राहिली, किंवा राडारोडा आणि भराव टाकून नदीची जागा हिरावून घेण्यात आली, किंवा दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकींच्या आश्रयाने घडल्या. विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत पात्रातूनच काढलेला रस्ता राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून काढून टाकावा लागला, ही घटना काही फार जुनी नाही. पात्रात भराव घालणाऱ्यांत केवळ रात्रीच्या अंधारात डंपर रिकामे करणारेच नसतात, हे त्यावरून ध्यानात यावे. तळमजल्यावर गाळ उपसणाऱ्या गृहस्थाला, तू येथे घर का घेतलेस, असा प्रश्न विचारणे सोपे आहे. पण त्याच्याजवळ नोंदलेले खरेदीखत असते, मिळकतकराच्या पावत्या असतात, पाण्याचा आणि विजेचा अधिकृत जोड असतो. ज्या सरकारने त्याची जागा कर घेण्यापुरती कायदेशीर मानली, त्याने ती रक्षण करण्यापुरती बेकायदेशीर मानणे शोभत नाही.

तिसरा प्रश्न इशाऱ्याचा. आणि तोच आमच्या मते सर्वांत तातडीचा आहे, कारण त्यासाठी ना नवे धरण बांधावे लागते, ना कोणाचे घर पाडावे लागते. या बाबतीत पुण्याने कृष्णाकाठाकडून शिकावे. सांगलीत पावसाळ्यात दोन माणसे रस्त्यात भेटली, की ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी किती चढले, हा प्रश्न आधी निघतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तेथील शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि अमुक फुटांना पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येते, हे प्रत्येक कुटुंबास पिढीजात ठाऊक असते. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेले तेव्हा हे ज्ञानही तोकडे पडले, हे खरे. तथापि ते मुळात होते, म्हणूनच असंख्य माणसे वेळीच निघाली. पुणेकराला मात्र क्युसेक सांगितले जातात. 35 हजार क्युसेक म्हणजे आपल्या उंबऱ्यावर वीतभर पाणी की कंबरभर, याचा उलगडा त्याला कोण करणार? एकतानगरीच्या प्रत्येक इमारतीच्या भिंतीवर, पाटील इस्टेट वस्तीच्या प्रत्येक बोळाच्या तोंडाशी, अमुक विसर्गाला पाणी येथवर येते, अशी रंगाची पट्टी ओढण्यास किती खर्च येईल? 2024 च्या पुराच्या खुणा त्या भिंतींवर पाण्यानेच काढून ठेवल्या होत्या; महापालिकेने त्या पुसल्या जाण्यापूर्वी नोंदवून घेतल्या असत्या तरी काम निम्मे झाले असते.

हे अशक्य आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. 25 जुलैनंतर अवघ्या दहाएक दिवसांत, 4 ऑगस्टला, जवळपास तेवढ्याच विसर्गाने मुठा पुन्हा फुगली. त्या वेळी एकतानगरीत लष्कराची तुकडी दाखल झाली आणि रहिवाशांना हलविण्यात आले. नदी तीच होती, धरण तेच होते, पात्रही रातोरात रुंद झालेले नव्हते. बदलली होती ती प्रशासनाची जाग. जी तत्परता आधीच्या पुराच्या बोभाट्याने दुसऱ्या खेपेस उत्पन्न होते, ती पहिल्या खेपेस कायद्याने उत्पन्न व्हावयास हवी, आणि तसा कायदा अस्तित्वात आहे : 2021 च्या धरण सुरक्षा अधिनियमाने धरणाखालील लोकांसाठी आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवण्याचे बंधन घातलेले आहे. तो आराखडा मराठीत छापून वस्तीवस्तीत वाटला जावा, त्याची रंगीत तालीम मृगापूर्वी व्हावी, भोंगा वाजल्यावर कोणत्या शाळेत जावयाचे आणि तिची किल्ली कोणाजवळ असते, हे लोकांस ठाऊक असावे, यांत अवास्तव असे काही नाही. वारंवार इशारे दिल्याने लोक बेफिकीर होतात, असा एक युक्तिवाद केला जातो. परंतु फुकट गेलेल्या दहा इशाऱ्यांनी एका रात्रीची झोपमोड होते, न दिलेल्या एका इशाऱ्याने माणसे जातात, आणि या दोहोंना एका पारड्यात घालणारा हिशेब आम्हांस मान्य नाही.

पाटबंधारे खात्याने पाणी सोडावे, महापालिकेने वर्दी द्यावी, पोलिसांनी बंदोबस्त ठेवावा आणि महसूल खात्याने मागाहून पंचनामे करावेत, ही विभागणी कागदावर नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक खाते आपला खलिता पुढच्या खात्याकडे रवाना करून मोकळे होते आणि शेवटचा खलिता स्वीकारावयास कोणी नसते. म्हणून आमची मागणी एकच आणि नेमकी आहे. सांडव्याचा दरवाजा किती वाजता आणि किती उचलला, याची नोंद धरणावर होते. त्याच नोंदवहीत, त्याच ओळीत, सखल भागातील शेवटच्या घरापर्यंत वर्दी किती वाजता पोहोचली आणि ती कोणी पोहोचविली, याचाही रकाना असावा. धरणाच्या जिवावर बेतले असता दरवाजा त्या रकान्यासाठी खोळंबून राहू नये, हे उघडच आहे. पण तो कोरा राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा जाब नावानिशी एका अधिकाऱ्याला द्यावा लागेल, एवढी तजवीज शासनाने येत्या पावसाळ्यापूर्वी केलीच पाहिजे.