दोष कळल्यानंतरचे दिवस

विमानाचे इंजिन हवेत बंद पडल्याची बातमी आली की तिचा मथळा जवळजवळ ठरलेला असतो : 'प्रवासी थोडक्यात बचावले'. दैव बलवत्तर होते, वैमानिक देवासारखा धावून आला, असे घरोघरी बोलले जाते. विमान इंजिनामुळेच हवेत तरते आणि ते थांबले की विमान दगडासारखे खाली यायचे, ही त्यामागची समजूत. दुसऱ्या बाजूला जाणकारांचा एक पक्ष आहे. तो आकडेवारी पुढे करतो. हवाई प्रवास इतका सुरक्षित असताना इंजिनाच्या बातम्यांचा बाऊ कशाला, आणि नियामकांनी ऊठसूट विमाने जमिनीवर का बसवावीत, असा त्याचा सवाल असतो. पहिला पक्ष नको तिथे भितो, दुसरा नको तिथे निर्धास्त राहतो. दोष कळल्यापासून तो दूर होईपर्यंत जो काळ जातो, त्याचा हिशेब मात्र दोघांपैकी कुणीच मागत नाही.

आधी पहिला पक्ष. विमान तरते ते पंखांवर. इंजिन फक्त पुढे ढकलते. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-३३० विमानातले सगळे इंधन अटलांटिक महासागरावर गळून गेले. दोन्ही इंजिने थांबली. त्यानंतर ते अवजड विमान १९ मिनिटे आणि सुमारे १२० किलोमीटर नुसते तरंगत गेले आणि अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळाच्या धावपट्टीवर उतरले. विमानातले ३०६ जण वाचले.

एकच इंजिन बंद पडले तर तेवढीही वेळ येत नाही. उड्डाण रद्द करण्याचा क्षण उलटून गेल्यावर एक इंजिन गेले, तरी उरलेल्या एका इंजिनावर विमान उचलता आले पाहिजे, ही प्रवासी विमानाला मान्यता मिळण्याची अटच आहे. वैमानिक सिम्युलेटरमध्ये हाच प्रसंग पुन्हा पुन्हा गिरवतात. नव्या इंजिनाच्या चाचणीत पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याचे एक पाते स्फोटकाने मुद्दाम तोडतात आणि इंजिनाचे आवरण ते तुकडे आत अडवते का, हे पाहतात. ही तयारी दैवाने केलेली नाही. ती अभियंत्यांनी केली आहे आणि तिचे श्रेय त्यांनाच मिळायला हवे.

दोन इंजिनांपेक्षा चार बरी, हा याच समजुतीचा पोटभेद. २४ जून १९८२ च्या रात्री लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला चाललेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ इंडोनेशियात गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. राखेतून खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जाकार्ताला सुखरूप उतरले. कारण एकच असेल तर इंजिनांची संख्या वाढवून उपयोग नसतो. त्यामुळेच समुद्रावरून लांब जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांना परवानगी देताना त्या जातीच्या इंजिनाची नोंदवही पाहिली जाते. जवळच्या विमानतळापासून १८० मिनिटे दूर जायचे असेल, तर एक लाख तासांमागे इंजिन हवेत बंद पडण्याच्या साधारण दोनच घटना चालतात.

मग माणसे दगावली ती कुठे? ८ जानेवारी १९८९ रोजी हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनातले पाते तुटले. हादरे बसले, धूर आला आणि वैमानिकांनी चुकून धडधाकट उजवे इंजिन बंद केले. उजव्या इंजिनात बिघाड झाल्याची घोषणाही कॅप्टनने केली. मागे बसलेल्या काही प्रवाशांना डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा दिसल्या होत्या. ती गोष्ट कॉकपिटपर्यंत पोहोचलीच नाही. केगवर्थ गावाजवळ, धावपट्टी अगदी समोर असताना, विमान कोसळले. १२६ पैकी ४७ जण गेले. पुढे पाच महिन्यांनी, जूनमध्ये, त्याच जातीच्या आणखी दोन इंजिनांची पाती तुटली, तेव्हा कुठे ब्रिटनमध्ये ही विमाने जमिनीवर बसवली गेली.

अमेरिकेतले उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये साउथवेस्ट या विमान कंपनीच्या बोइंग ७३७-७०० विमानातले पंख्याचे पाते धातू थकून तुटले. विमानाच्या अंगाला भोक पडले, पण कुणाला इजा झाली नाही. उत्पादकाने पाती अल्ट्रासाउंडने तपासण्याची शिफारस केली. ही तपासणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव नियामक एफएएने ऑगस्ट २०१७ मध्ये मांडला. आदेश मात्र निघाला नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या विमानात पुन्हा एक पाते तुटले. इंजिनावरच्या झाकणाचा तुकडा खिडकीवर आदळला आणि त्या खिडकीपाशी बसलेल्या महिलेचा मृत्यू झाला. कॅप्टन टॅमी जो शल्ट्स यांनी विमान फिलाडेल्फियाला उतरवले. तीनच दिवसांनी आणीबाणीचा आदेश निघाला : ३० हजारांहून अधिक फेऱ्या झालेल्या इंजिनांची पाती २० दिवसांत तपासा. जी सक्ती २० महिन्यांत झाली नव्हती, तिला आता २० दिवसांची मुदत मिळाली. आदेश आधी निघता तर तेच पाते नेमके सापडले असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण शोधण्याची सक्तीच नव्हती, हे नाकारता येत नाही.

एअर ट्रान्सॅटच्या सुखरूप सुटकेमागेही हेच दडलेले आहे. बदलून बसवलेल्या इंजिनातला हायड्रॉलिक पाइप नीट जुळत नसल्याचे दुरुस्ती करणाऱ्यांच्या लक्षात आले होते. तरी तो तसाच बसवला गेला, इंधनाच्या नळीला घासत राहिला आणि शेवटी नळी फुटली. वैमानिकांच्या कौशल्याने ३०६ जीव वाचले म्हणून हँगरमधली ती चूक लहान ठरत नाही.

पाते तुटले तर आवरण ते अडवू शकते. पाती ज्या चकतीवर बसवलेली असतात ती चकतीच फुटली तर तिचे तुकडे कोणतेही आवरण अडवू शकत नाही. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या डीसी-१० विमानात शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या आणि सू सिटीला उतरताना विमान मोडले. २९६ पैकी १८४ जण वाचले. तपासात निघाले की आधीच्या तपासणीच्या वेळी चकतीला तडा गेलेला होता आणि तो सुटून गेला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानात चकती फुटली. तेलाची एक छोटी नळी कारखान्यातच सदोष बनली होती. ४६९ जण सुखरूप परतले. क्वांटासने सहाही ए-३८० विमाने लगेच जमिनीवर उभी केली आणि तपासणी करून घेतली. तेव्हा आणखी इंजिनांत तेलगळती आढळली. तोटा झाला, वेळापत्रक कोलमडले, पण दोष उडत राहिला नाही.

आता दुसरा पक्ष. आकडे खरे आहेत : जेट विमानांचा प्रवास खरोखरच सुरक्षित आहे. पण तो का सुरक्षित आहे, हे विसरून ते आकडे वापरले जातात. कुणीतरी वेळेवर विमान थांबवले, म्हणून ते आकडे तसे आहेत. मार्च २०१८ मध्ये भारताच्या नियामक डीजीसीएने इंजिनांतल्या दोषामुळे इंडिगो आणि मुंबईच्या गोएअरची मिळून ११ ए-३२० निओ विमाने थांबवली, तेव्हा उड्डाणे रद्द झाली आणि प्रवासी चिडले. तो निर्णय योग्य होता. शंका घ्यायची तर त्यानंतर जे घडले त्यावर घ्यावी. १ नोव्हेंबर २०१९ रोजी डीजीसीएने इंडिगोला सांगितले, की ९७ निओ विमानांवरची प्रॅट अँड व्हिटनीची सुधारणा न केलेली इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदला, नाहीतर विमाने उभी राहतील. जानेवारीत ती मुदत ३१ मेपर्यंत गेली, मग कोविडच्या काळात ३१ ऑगस्टपर्यंत. त्या काळात जीवितहानी झाली नाही. पण काही घडले नाही म्हणून मुदतवाढ बरोबर होती, असे म्हणणे म्हणजे निकाल पाहून निर्णयाचे समर्थन करणे होय.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेल्या एअर इंडियाच्या विमान दुर्घटनेत विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रित करणारे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. ते का गेले, हे तो अहवाल सांगत नाही. कुणावरही निवाडा करण्याचा अधिकार त्या पानांतून मिळत नाही. त्याच अहवालात एक नोंद आहे : या स्विचच्या खटक्याबाबत एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये सल्लावजा सूचना काढली होती आणि ती सक्तीची नसल्याने एअर इंडियाने तपासणी केली नव्हती. या नोंदीचा दुर्घटनेशी संबंध असल्याचे अहवालात म्हटलेले नाही. तरीही १४ जुलै २०२५ रोजी डीजीसीएने एका आठवड्यात तपासणी करण्याचा आदेश दिला. त्या तपासणीत एअर इंडियाला आपल्या इतर विमानांत दोष आढळला नाही. म्हणजे आठवड्याभरात होऊ शकणारे काम साडेसहा वर्षे 'सल्ला' म्हणून पडून होते.

यावर विमान कंपन्यांचे उत्तर असते, की प्रत्येक सल्ला सक्तीचा केला तर एकही विमान वेळेवर सुटणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. उत्पादकांच्या सूचना शेकड्यांनी येतात आणि सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. म्हणून मागणी सरसकट सक्तीची नाही. सूचना बाजूला ठेवायची असेल तर तसे का ठरवले, हे लिहून ठेवावे. मुदत वाढवायची असेल तर किती इंजिने बाकी आहेत आणि तोवर धोका कसा आवरणार, हे जाहीर करावे. जुळत नसलेला पाइप पाहणाऱ्या तंत्रज्ञाला नोकरीची भीती न बाळगता काम थांबवता यावे. केबिन कर्मचाऱ्यांना खिडकीतून ज्वाळा दिसल्या तर त्यांनी विनासंकोच कॉकपिटला फोन करावा, असे प्रशिक्षण त्यांना आणि वैमानिकांना एकत्र मिळावे.

आणि तपास करणाऱ्यांचा धनी वेगळा असावा. भारतात नियम लावणारी डीजीसीए आणि अपघातांचा तपास करणारा एएआयबी, दोन्ही एकाच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. नियामकाने दिलेली मुदतवाढच चुकली असेल, तर ते त्याच मंत्रालयातल्या तपासयंत्रणेने लिहायचे, ही अपेक्षा त्या अधिकाऱ्यांवरही अन्याय करणारी आहे. अमेरिकेने अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीला १९७५ मध्येच परिवहन खात्यापासून वेगळे केले. साउथवेस्टच्या अपघातात नियामकाचा प्रस्ताव किती दिवस पडून होता, हे त्या वेगळ्या यंत्रणेला मोकळेपणाने नोंदवता आले. एएआयबीला तशीच मोकळीक संसदेने कायद्याने द्यावी, आणि मुदतवाढीचे प्रत्येक पत्र डीजीसीएच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी, उरलेल्या इंजिनांच्या संख्येसह प्रसिद्ध व्हावे. तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला ती संख्या वाचता आली पाहिजे.